चढावर लाइल बोलत होता

कालच्या सभेत लाइल माझ्या शेजारी उभा राहून गरजला होता, "आपल्या डोंगरवाटेवर विजेच्या मोटारीची सायकल येऊ देणार नाही!" आयडाहोतल्या या रानात इंजिन-मोटारीच्या यंत्राला बंदी, म्हणून वाटेवर पडलेली झाडं आम्ही दोघंच वर्षानुवर्षं हातकरवतीने कापत आलो.

आज चढावर सायकल मारताना मला धाप लागलेली, आणि हा पठ्ठ्या शेजारून सायकल हाकत मजेत गप्पा मारतोय. वर पोचल्यावर मी त्याच्या पायडलजवळ हात लावला. चटकाच बसला.

"लाइल, मोटार?"

"गुडघे गेले रे माझे."

"मग काल सभेत सांगायचंस की! तुझ्यासारख्यांना मोकळीक मागितली असती."

"वेडा आहेस का? मग सगळेच आले असते."