तळ्यातला तांबडा डाग

सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळचं कोवळं ऊन पूर्वेच्या खिडकीतून आत आलं, की ते प्रथम आमच्या ह्यांच्या मिशीवर उतरे आणि मग सावकाश घरभर पसरे. भरघोस, तेल लावून वळवलेली मिशी ती. विचार करताना उजवं टोक पिळायचं आणि विचार पटला की डावं, हा ह्यांचा नेम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा हा माणूस सत्तरच्या दशकात एका कागदाच्या प्रेमात पडला आणि मला सवत मिळाली.

तो कागद म्हणजे उपग्रहाने आभाळातून काढलेला आमच्या भागाचा फोटो. त्यात झाडझाडोरा हिरवा नव्हे, तांबडा उमटतो. पाणी काळं दिसतं. आणि उथळ पाण्याखाली वनस्पती माजली असेल तर त्या काळ्यावर पुसट तांबूस छटा येते, असं हे मला भाकरी थापताना समजावत. जेवतानाही फोटो ताटाशेजारीच असे. एका दुपारी हातातला घास तसाच ठेवून हे ओरडले, "अगं, हिप्परग्याच्या तळ्यात पाण्याखाली जंगल आहे!" तळ्याच्या ऐन मध्यावर लालभडक ठिपका होता.

कॉलेजात सगळे हसले. तेव्हा ह्यांनी भर स्टाफरूममध्ये मिशीवर हात ठेवला, "नाही सापडलं तर ही उतरवीन."  त्या मिशीवाचून हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता.

रविवारी होडी निघाली. दोन प्राध्यापक साक्षीला, मी डबा घेऊन. दोरीला बांधलेला आकडा पुन्हा पुन्हा तळाशी गेला आणि चिखल घेऊन वर आला. "सर, हितं काय बी न्हाय. नुसता गाळ हाय की," होडीवाला म्हणाला. हे तडक नवी पेठेत न्हाव्याकडे गेले. परतलेल्या माणसाला मी दारातच विचारलं, "कोण पाहिजे?"

संध्याकाळी फोटो आवरताना ओळखीचा वास आला. "अहो, हे शेंगाचटणीचं तेल आहे!" कोरडं पीठ लावून मी डाग पुसला. खाली पाणी काळंभोर होतं. पण त्या भडक ठिपक्यापायी कुणी पाहिलीच नव्हती अशी एक पुसट तांबूस छटा काठाशी होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघंच तिथे गेलो, आणि आकड्याला लांबलचक हिरव्या वेली लटकून आल्या. ह्यांचा हात ऐटीत मिशीच्या डाव्या टोकाकडे गेला, रिकाम्या ओठावर घुटमळला, आणि मग हे इतके हसले की होडी डुलायला लागली.

आता खिडकीशी कुणी बसत नाही; सकाळचं ऊन थेट भिंतीवर पडतं. तेव्हा दोन महिन्यांत मिशी पहिल्यासारखी झाली होती. थोडा धीर धरला की गेलेलं परत येतं, अशी माझी समजूत त्या वेळी झाली, आणि ती अजून मोडवत नाही.