रंगाच्या बरणीतल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, माझ्यातून आरपार पाहायचा प्रयत्न करू नका. मी जुनी काचेची बरणी आहे खरी, पण माझ्या अंगावर इतके रंग सुकले आहेत की पलीकडचं काही दिसायचं नाही. गळ्याशी निळा, पोटावर तांबडा आणि बुडाशी सगळे रंग मिसळून झालेला एक मातकट थर. झाकण तर कधीच हरवलं.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेली काच साच्यात गेली, आत हवा फुंकली गेली आणि मी गोल गरगरीत होऊन बाहेर आले. पहिली काही वर्षं दुकानाच्या फळीवर गेली. माझ्यात लिंबाच्या गोळ्या असत आणि मुलं माझ्याकडे डोळे लावून उभी राहत. मला वाटे, ती मलाच बघायला येतात! मग एकदा माझ्या काठाचा टवका उडाला. दुकानदार मला कचऱ्यात टाकणार, इतक्यात त्याची पाटी रंगवणारा माणूस शिडीवरून म्हणाला, "टाकू नका हो. माझे ब्रश राहतील तिच्यात."

त्या माणसाला सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, शटरवरची अक्षरं, सगळं तो हाताने रंगवायचा. त्याची कामाची रीत मी जवळून पाहिली आहे. आधी तो खडू चोळलेला दोरा ताणून फळीवर सरळ रेघ उमटवायचा. मग अक्षरं मोजायचा, मधलं अक्षर शोधायचा आणि तिथूनच सुरुवात करायचा. एक अक्षर उजवीकडे, एक डावीकडे. शिरोरेघ सर्वांत शेवटी, मनगट आडव्या काठीवर टेकवून, एका दमात.

येणारे-जाणारे चिडवायचे, "पेंटर, शेंडा ना बुडखा, हे काय लिहिताय?"

"टोकापासून निघालो की शेवटी जागा अपुरी पडते," तो म्हणायचा. "मधून निघालेलं बरं."

त्याची मुलगी शाळा सुटली की थेट कामावर यायची. आई लहानपणीच गेली होती, म्हणून बाप जिथे असेल ते तिचं घर. ब्रश पुसणं, मला सांभाळून उचलणं ही तिची कामं. आपल्या वहीतसुद्धा ती पट्टी ठेवून, अक्षरं मोजून लिहायची. बाई शाबासकी द्यायच्या. बाप मात्र अक्षराकडे बघून नुसता हुंकार भरायचा, आणि तिला तेवढं पुरे असे.

दिवस सरले. यंत्रावर छापलेले फलक आले. ते एका दिवसात तयार होत आणि स्वस्तही पडत. पेंटरची कामं कमी झाली. ब्रश माझ्यातच वाळून काठीसारखे कडक झाले. मी खिडकीत जाऊन बसले, माझ्यावर धूळ बसली. पुढे पेंटर आजारी पडला. सगळ्यात आधी त्याचा हात गेला. सरळ रेघ ओढणारा तो हात चमचासुद्धा धरू शकेना. मुलगी आता मोठी झाली होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती कामावरून येऊन त्याला भरवायची. पुढे त्याला दवाखान्यात नेलं आणि एके दिवशी ते भरवणंही संपलं.

ती रडली नाही. दवाखान्यात नाही, घरी आल्यावरही नाही. आलेल्या बायकांपैकी कुणीतरी दारातच म्हणालं, "घट्ट मनाची आहे हो पोरगी." ते तिने ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या अंगावरून बोट फिरवत ती बराच वेळ खिडकीत उभी राहिली.

मग आत्या राहायला आली. पेंटरची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत न देणारी. मुलगी तिला एवढंच म्हणाली, "आत्या, मला बाबा आठवतच नाहीत गं. डोळे मिटले की थरथरता हात तेवढा दिसतो, दातांवर चमचा वाजतो. त्याच्या आधीचे बाबा कुठे गेले?"

दुसऱ्या दिवशी आत्याने मला खिडकीतून उचललं, घासून बघितलं, "ही काही उजळायची नाही, दादासारखीच हट्टी," म्हणाली आणि कडक झालेले ब्रश काढून माझ्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टाकल्या.

"ही कसली लॉटरी?" मुलीने विचारलं.

"रोज एक चिठ्ठी काढायची. त्यावर जे असेल त्याबद्दल, गजर वाजेपर्यंत लिहायचं. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. सुचलं नाही तर सुचत नाही असं लिहायचं. आणि मला दाखवायचं नाही. आयुष्यभर वह्या तपासून मला कंटाळा आलाय."

पहिली चिठ्ठी निघाली, 'हरवलेली चप्पल'. गजर वाजला तेव्हा कागदावर एक शब्दही नव्हता. फक्त पेन्सिलीच्या बारीक समांतर रेघा होत्या आणि मध्यभागी एक ठिपका! चहा ठेवायला आलेल्या आत्याने तो बघितला आणि ती हसत सुटली.

"अगं वेडाबाई, कुणाच्या दुकानावर टांगायचंय का ते? पट्टी आण इकडे!"

पट्टी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी मुलीने पानभर 'सुचत नाही' लिहिलं, पण अक्षरं अशी एकसारखी की छापल्यासारखी. पुढचे काही दिवस 'घरातला एक आवाज', 'बंद दार' अशा चिठ्ठ्या आल्या. ती लिहायची, पण प्रत्येक पान फिरून फिरून दवाखान्यात जाऊन थांबायचं. मला माझीच काळजी वाटू लागली. चिठ्ठ्या संपल्या की पुन्हा धूळ.

मग एका सकाळी चिठ्ठी निघाली, 'ओझं'.

तिने ती घाईने घडी घालून परत माझ्यात टाकली. "ही नको. दुसरी काढते."

"परत टाकायची नाही," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, पण कुठून सुरुवात करू? दुखणं कळलं तिथून, की पहिल्यांदा हात थरथरला तिथून?"

"तुझ्या बापाने कधी सुरुवातीपासून सुरुवात केली होती?"

मुलीने कागद पुढे ओढला आणि बरोबर मध्यावर एक शब्द लिहिला, 'खांदा'. त्यानंतर हात सुटला. मी इतकी वर्षं ब्रशांचे, पेन्सिलींचे आवाज ऐकत आले, पण असा भरधाव आवाज ऐकला नव्हता. ओळी खाली उतरल्या, वर चढल्या, शिरोरेघा गळून पडल्या. गजर वाजला तरी ती थांबली नाही. थांबली तेव्हा म्हणाली, "आत्या, वाचून दाखवू?"

"तुझी मर्जी."

तिने वाचलं ते असं होतं: "खांदा माझा बाबांनी हात टेकायला ठेवला शटरचं खालचं अक्षर होतं शिडी नको काठी पुरेना ते म्हणाले इथे उभी राहा हलायचं नाही मनगट माझ्या खांद्यावर जड आणि गरम रंगातल्या टर्पेंटाइनचा वास मला शिंक येत होती मी शिंकले नाही श्वास बारीक घेतला मी हलले तर अक्षर बिघडेल मी हलले नाही रेघ पूर्ण झाली ते म्हणाले झालं आता नाच तरी मी हलले नाही मला अजून ते ओझं हवं होतं"

मग मुलगी हळू म्हणाली, "आत्या, दवाखान्यात पण मी तशीच उभी होते. हलायचं नाही, म्हणून. मला वाटलं, मला काही वाटतच नाही."

आत्या हात पुसत बाहेर आली. "मग रड आता," ती म्हणाली. "आता कुणाचं अक्षर बिघडणार नाहीये."

आणि मुलगी रडली. कागदावर, टेबलावर, थोडी माझ्यावरही.

आता माझ्यात चिठ्ठ्या कमी झाल्या की तीच नव्या टाकते. पेंटर पानावर रोज येतो असं नाही, पण येतो तेव्हा त्याचा हात स्थिर असतो. एखाद्या पानावर ती स्वतःच निघते, नऊ वर्षांची, रंगाने माखलेली, आणि त्या छोटीला बघून ती चकित होते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी बरणी, डबा, खोकं तुमच्याही घरी असेल. लगेच भंगारात देऊ नका. त्यात दोनचार शब्द टाकून बघा, आणि हात चालू ठेवा. आणि घरातलं कुणी मोठं माणूस कधी असं लिहीत बसलेलं दिसलं, तर वाकून बघू नका, काय लिहिलंस असं विचारू नका. त्यांचा फोन वाजला तर तुम्ही उचला आणि दार हळू ओढून घ्या.