पलंगाचे पाय

चंद्राबाई गेल्याला आठ दिवस झाले होते आणि घरात बाजारात जाण्याजोगं माणूस एकच होतं, ते म्हणजे सुलू. तिचा थोरला भाऊ दीनानाथ आणि वहिनी दहा दिवसांच्या सुतकात. सुलू लग्न होऊन पुण्याला गेलेली. लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवसापासून तिनं शिवलेलं सगळ्यांना चालत होतं. सुलूनं शास्त्राशी वाद घातला नाही. उपाध्यांनी लिहून दिलेली यादी घेतली, पिशवी घेतली आणि जेवणं आटोपल्यावर निघाली.

यादी बाराव्याच्या शय्यादानाची होती. पलंग, गादी, उशी, पलंगपोस, समई, तांब्याभांडं, छत्री, वहाणा. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे लागेल ते ब्राह्मणाला द्यायचं, म्हणजे त्या माणसाला पोचतं. यादीतल्या पहिल्याच शब्दाशी सुलू अडली होती. वडील गेले त्या रात्रीपासून नऊ वर्षं आई जमिनीवर निजली. खाली घोंगडी, तिच्यावर जुन्या लुगड्याची घडी. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, यांना खाटेवर घ्या. पौषातली थंडी, सारवलेली जमीन ओल्या फडक्यासारखी गार. सुलूनं विचारलं, घेऊ का खाटेवर? आई म्हणाली, "उंच नको गं मला." सुलूनं परत विचारलं नाही. आई विधवेच्या नेमानं तसं म्हणाली की तिला खरंच उंचावर भीती वाटत होती, हे आता कळायला मार्ग नव्हता. एवढं मात्र सुलूनं ठरवलं होतं, की आईच्या नावानं जाणारा पलंग चांगला असेल आणि त्यावर कुणीतरी खरोखर निजेल.

राजवाड्याकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आनंदरावांचं दुकान होतं. भोरात नवं घर लावायचं झालं की माणसं तिथंच जात. दारात बिडाच्या खुंट्या आणि चिनी मातीच्या बरण्या, आत भिंतीवर महिरपीचे आरसे, तसबिरींच्या चौकटी, मण्यांची तोरणं. वर आढ्याला निळ्या आणि शेंदरी काचेच्या हंड्या टांगलेल्या. त्यांतली एखादी कचेरीतल्या कुणाच्या दिवाणखान्यात गेली की आठ दिवस गावात तिची चर्चा चाले. चंद्राबाई या दुकानात फार वेळ लावायच्या. दहा वस्तू हातात घेऊन बघायच्या आणि एक घ्यायच्या, पण ती एक घरात अशा जागी ठेवायच्या की बघणाऱ्याला वाटे, ही इथंच उगवली असेल.

आनंदरावांनी सुलूला लहानपणापासून पाहिलेलं. ते उठून उभे राहिले, आईबद्दल दोन शब्द बोलले आणि यादी हातात घेऊन त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "वापरायला की द्यायला?"

सुलू म्हणाली, द्यायला.

त्यांनी मान हलवली आणि तिला मागच्या खोलीत नेलं. पुढचं दुकान जितकं झगमगीत तितकी ही खोली मुकी. इथला तांब्या बोटानं दाबला तर आत जाईल असा, समई हातभर पण फुंकरीसारखी हलकी, छत्रीचं कापड उन्हाकडे धरलं तर चाळण. सगळं नवं आणि सगळं एकदाच दिसण्यापुरतं केलेलं. आनंदराव काही लपवत नव्हते. गिऱ्हाईक द्यायला म्हणालं की याच खोलीत येई आणि खूश होऊन जाई.

पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता. दुकानाचा हमाल ज्ञानू, हिर्डोशीकडचा पन्नाशीचा गडी, त्यानं तो आडवा केला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. पाय कातलेले, त्यांवर कमळाच्या पाकळ्या. सुलूला ते काम आवडलं. ती जवळ बसून बघायला लागली आणि तिला पाकळ्यांच्या खाचांत लाल काहीतरी दिसलं. नखानं खरवडलं. कुंकू होतं. दुसऱ्या पायाला खाचेत गंधाचा सुकलेला ठिपका आणि तुळशीचं एक काळं पडलेलं पान.

"आनंदराव, याची पूजा झालेली आहे."

आनंदराव छत्र्या नीट लावायला लागले. ज्ञानू मात्र मोकळ्या मनाचा माणूस.

"एकदा व्हय, बाई? चार बारी म्याच वाहिलाय ह्यो. आता त्याला वाट ठावं झालीया. दारात निस्ता सोडला तर चालत यील माघारी."

आनंदरावांनी त्याला पाणी आणायला पाठवलं. मग खुर्चीत बसून त्यांनी काय ते सांगितलं. असं दान घेणारे भोरात एकटे भिकंभट. बाकीचे ब्राह्मण मृताची शय्या घेत नाहीत. भिकंभट घेतात, जप करतात, आणि पलंग यजमानाच्या दारातून परस्पर दुकानात येतो. त्यांच्या दोन खणांच्या घरात किती पलंग मावणार? देणाऱ्याचं पुण्य व्हायचं ते होतं. एकाच पलंगावरून कुणाचे वडील गेले, कुणाची सासू गेली, आजवर कुणाची तक्रार नाही. "तुम्ही खाली वाकून बघितलंत, ताई," ते म्हणाले, आणि त्यात थोडी तक्रार होतीच.

सुलू म्हणाली, उद्या येते.

घरी आल्यावर तिनं दीनानाथाला सगळं सांगितलं. तो ओसरीवर घोंगडी टाकून बसला होता, दाढी वाढलेली. कचेरीत अठरा वर्षं नोकरी केलेला माणूस, ठरलेल्या रीतीत पाय अडकवायचा नाही हा त्याचा स्वभाव. तो म्हणाला की हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यालाही? त्यालाही. वडिलांच्या वेळी हेच झालं असणार. "दान दिलं की आपला हात सुटला, सुलू. पुढे ते कुठं जातं हे बघायचं नसतं."

"मला बघायचंय," सुलू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भिकंभटांच्या घरी गेली. नदीकडच्या आळीत शेवटचं घर. भिकंभट श्राद्धाला शिवऱ्याला गेलेले, दारात त्यांची बायको बनाबाई तांदूळ पाखडत होती. सुलूनं आडवळणं न घेता विचारलं, की बाराव्याला आमच्याकडचा पलंग येईल, तो तुम्ही घरात ठेवाल का?

बनाबाईचं सूप थांबलं. ती रागावली नाही, पण उत्तर देताना तिनं सुलूकडे बघितलंही नाही. ठेवून काय करायचं? तिला पोरंबाळं आहेत, गेलेल्या माणसाच्या शय्येवर त्यांना निजवायचं? दान घेतात म्हणून आधीच चार घरं त्यांना हळदीकुंकवाला बोलवायची टाळतात. त्यात पलंग घरात दिसला की मग बघायलाच नको. छत्री ठेवतात, तांब्या ठेवतात. पलंग नाही.

"मी निजेन," आतून कुणीतरी म्हणालं.

आत अंधारात, चुलीच्या भिंतीला पाठ लावून भिकंभटांच्या आई बसल्या होत्या. सगुणाबाई. डोक्यावरून विधवेचं आलवण, गुडघे सुजून उखळाएवढे झालेले. बनाबाई म्हणाली, सासूबाई, काहीतरीच काय. सगुणाबाई म्हणाल्या, "काहीतरीच का? मला कशाची भीती? मी आता त्यांच्याच वाटेवर उभी. कोण गेलं म्हणालीस?"

सुलूनं आईचं नाव सांगितलं.

"चंद्राबाई होय. देवळात माझ्याशी बोलायची हो. बाकीच्या लांबून जातात." मग म्हणाल्या की जमिनीवरून उठायला त्यांना दोन माणसं लागतात, आणि सकाळच्या वेळी दोन माणसं मोकळी नसतात. म्हणून पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत त्या तशाच पडून असतात. हे सांगताना सून ऐकते आहे याची त्यांनी पर्वा केली नाही, कारण ते खरं होतं. "पण पलंग नको गं. उंच नको मला."

सुलूच्या हातातली पिशवी खाली टेकली. तेच शब्द, जवळजवळ त्याच आवाजात. ती सगुणाबाईंच्या समोर जमिनीवर बसली.

"मग किती?" तिनं विचारलं.

"किती म्हणजे?"

"किती उंच चालेल?"

म्हातारीला असं कुणी विचारलं नसावं. तिनं जमिनीकडे बघितलं, पाय जरा पुढे घेतले, गुडघा दुमडून बघितला आणि हाताचा तळवा हवेत आडवा धरला. मग विचार करून तो बोटभर खाली घेतला. "एवढा. उतरताना पाय टेकला पाहिजे." सुलूनं पिशवीतली सुतळी काढली, एक टोक जमिनीला लावलं, तळव्याशी गाठ मारली. वीतभर आणि वर चार बोटं.

बनाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मी यांना सांगते. घरात येऊ दे. लोक बोलायचे ते बोलतातच आहेत."

तिथून सुलू थेट दुकानात गेली. आनंदराव तिला बघून मागच्या खोलीकडे वळले, तेव्हा ती म्हणाली की आज वापरायला हवंय. पुढच्या दुकानात एकच पलंग होता, सागवानी, उशाच्या फळीवर वेल कोरलेला, आठवड्यापूर्वी पुण्याहून मोटारीच्या टपावरून आलेला. आनंदराव म्हणाले, ताई, हा लग्नाचा आहे, दानाला असा कुणी देत नाही. सुलू म्हणाली, मी देते. गादी तिनं शिवण उसवून आतला कापूस बघून घेतली. पलंगपोसांची चळत आनंदरावांनी तिच्यापुढे उघडली, गुलाबांचा, मोरांचा, मखमली काठाचा. सुलूला मोरांचा खरोखर आवडला होता. आलवणातल्या बाईनं तो अंगाखाली घेतला नसता. तिनं फिकट निळ्या चौकटींचा जाडसर पलंगपोस निवडला, जो सगुणाबाई नाकारणार नाहीत आणि आईनंही दहांत एक म्हणून उचलला असता. समई बसकी घेतली, कलंडणार नाही अशी.

मग तिनं गेनू सुताराला दुकानातच बोलावून घेतलं आणि सुतळी त्याच्या हातात दिली. चारही पाय एवढे ठेवायचे, बाकी कापायचे.

गेनूनं पायावरून हात फिरवला. "नामी माल हाय, बाई. ह्याला लंगडा कराया हात उचलत न्हाई."

"चारी सारखे काप. म्हणजे लंगडा होणार नाही."

आनंदराव मध्ये पडले. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "पाय कापल्यावर हा परत कोण घेणार, ताई?"

"कुणीच नाही," सुलू म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग गेनूला म्हणाले, दारात काप, आत भुसा नको.

बाराव्याला उपाध्यांनी पलंगाकडे बघून भुवया वर केल्या. दीनानाथानं आदल्या रात्री सुलूला एकदाच विचारलं होतं, लोकांना काय सांगायचं, आणि तिनं म्हटलं होतं की सगुणाबाईंच्या मापाचा आहे म्हणून सांग. आता तो स्वतःच म्हणाला, "घेणाऱ्याच्या घरचं माप आहे, गुरुजी. शय्या म्हणजे निजायला हवी ना?" उपाध्यांना शास्त्रात पायांची उंची काही सापडेना. त्यांनी मंत्र सुरू केले. भिकंभट रीतीप्रमाणे पलंगावर क्षणभर बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले, आणि अंगणात कुणीतरी हसू दाबलं. सुलूलाही हसू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच, आणि तिनं ते दाबलं नाही.

ज्ञानूनं आणि आणखी एकानं पलंग उचलला. दारातून बाहेर पडल्यावर ज्ञानू सवयीनं वर, बाजाराकडे वळला. सुलूनं हाक मारून त्याला खाली, नदीकडे वळवलं.

पुण्याची मोटार दुसऱ्या दिवशी दुपारी होती. निघण्याआधी सुलू भिकंभटांच्या घरी डोकावली. सगुणाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले, निळा पलंगपोस एका बाजूला गोळा झालेला. बनाबाईनं सांगितलं की आज पहाटे सासूबाई कुणाला हाक न मारता उठल्या आणि चुलीपाशी येऊन बसल्या, तीच दचकली.

सुलूनं विचारलं, झोप लागली का?

"उशी फार उंच आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "मान दुखली रात्रभर. कापूस कोंबलाय नुसता. बघून घ्यायची नाही का?"

सुलू म्हणाली, चुकलंच. तिनं बनाबाईकडून सुईदोरा मागून घेतला, उंबऱ्यावर उजेडाला बसली, उशीची एक बाजू उसवली आणि कापूस काढत काढत मधून मधून उशी म्हातारीच्या मानेखाली धरून बघू लागली.