कोवळ्या चिखलाचा पत्ता

लेकीचं, मार्लोदिसचं, वागणं सातुरियाला अजिबात पटत नव्हतं. विद्यापीठातून शिकून आल्यापासून जिने स्वतःच्या जेवल्या ताटाला हात लावला नव्हता, ती मुलगी आता न सांगता भांडी घासत होती. घासलेली पुन्हा घासत होती. पाणी भरत होती, नारळ खवत होती, आणि आई काहीही बोलली तरी मान खाली घालून ‘हो आई’ म्हणत होती. भांड्यांचं एक वेळ ठीक, पण या ‘हो आई’वर सातुरियाचा विश्वास बसेना. या घरात उलट उत्तर दिल्याशिवाय कोणी कधी ऐकलेलं नव्हतं.

“दिवस गेलेत का तुला?” तिने सरळ विचारलं.

“नाही गं आई.”

“मग बेतानं घास. त्या कढईला अजून तळ आहे.”

एरवी मार्लोदिस यावर हसली असती. हसली नाही.

सातुरिया गावातल्या पियांग्वा शिंपल्या काढणाऱ्या बायकांच्या संघाची प्रमुख. बायका ओहोटीला होड्यांतून कांदळवनात जात. नारळाच्या सोडणांची धुमी पेटवून डास पळवत, आणि कोपरापर्यंत चिखलात हात खुपसून मुळांखालच्या काळ्या शिंपल्या काढत. लोखंडी कडीतून जी शिंपली आरपार पडेल ती लहान, ती परत चिखलात. आणि एका खाडीत तर उतरायचंच नाही. तिचं नाव कोवळा चिखल. तिथे पिल्लं वाढत. ती खाडी कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

विद्यापीठातून आलेल्या संशोधकांना नेमकी तिथल्याच शिंपल्यांची मोजमापं हवी होती. सातुरिया म्हणाली, मोजा, पण आमच्या शिंपल्यांचा हिशेब आमच्याच छपराखाली राहील. म्हणून मार्लोदिसने संघाच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, छपरावर सौर पॅनेल चढवले, आणि कुणालाही फुकट मिळणारा, संशोधनाची माहिती सांभाळणारा प्रोग्राम त्यावर बसवला. मोजमापं जगाला दिसायची, पण नकाशावर जागेच्या ठिकाणी नुसता करडा डाग.

आणि तरी परक्या नदीवरच्या होड्या आल्या. पोती घेऊन थेट कोवळ्या चिखलातच घुसल्या. बायका पोचल्या तेव्हा चिखल उकरलेला होता, आणि नखाएवढी पिल्लं फुटून पडली होती.

सातुरियाला विचार करायला फार वेळ लागला नाही. तिच्या मावसबहिणीचा, लेओकादियाचा, जावई बंदरावर शिंपल्या विकत घेतो. धक्क्यावर, सगळ्या बायकांसमोर सातुरिया म्हणाली, “तुझ्या जावयाला वाट सापडायची नाही गं, त्याला घरचं दार सापडत नाही. कुणीतरी बोटाला धरून नेलं असणार.” लेओकादियाने वल्हं उचललं आणि ती चालू लागली. तेव्हापासून तिला कोणी होडीत घेत नव्हतं. साठी उलटलेली बाई एकटी वल्हं मारत जायची, एकटी यायची. तिच्या धुमीला कोणी विस्तव देत नव्हतं.

त्या दिवशी मार्लोदिसही धक्क्यावर होती. स्वतःच्या पायांकडे बघत.

हे सातुरियाला आत्ता आठवलं. कारण समोर मार्लोदिसने नारळाच्या दुधात शिजवलेल्या शिंपल्यांचा पहिला, सगळ्यात भरलेला वाडगा काढला, केळीच्या पानाने झाकला आणि मागच्या दाराने निघाली.

“माझा नारळ कुणाकडे चाललाय?”

मार्लोदिस थांबली. “लेओकादिया मावशीकडे.”

“का? चोरीचं बक्षीस?”

“तिने नाही केलं, आई.”

“तुला काय माहीत?”

वाडगा हातात धरूनच मुलगी उंबऱ्यावर बसली. “मी केलं.”

सातुरियाने हातातला डाव खाली ठेवला नाही, पण हलवायचा थांबवला. “नीट सांग. विद्यापीठाच्या भाषेत नको.”

“तो प्रोग्राम डब्यांत चालतो, कंटेनर म्हणतात त्यांना. एका डब्यात पडद्यावर दिसणारं पान, एकात शोधायचं यंत्र. डबा जुना झाला की फेकून द्यायचा, नवा ठेवायचा. जे टिकायला हवं ते डब्याबाहेर ठेवायचं. मोजमापं मी बाहेरच ठेवली होती. सेटिंगं पण बाहेर लिहून ठेवायची असतात, म्हणजे नवा डबा ती वाचतो.”

“आणि?”

“जागा लपवायचं काम मी घाईत केलं होतं. संशोधक दारात उभे होते. मी डब्याच्या आत शिरून हातानेच बदललं. चाललं. मग बाहेर लिहायचं राहून गेलं. मागे नवा डबा चढवला आणि जुना फेकला, तेव्हा ते लपवणंही त्याच्याबरोबर गेलं. नकाशा उघडा पडला. मी बघेपर्यंत होड्या येऊन गेल्या होत्या.”

“चालत्या डब्याला हात कशाला लावलास?”

मार्लोदिस वाडग्यावरचं केळीचं पान नीट करत राहिली.

“विचारतेय मी.”

“संघाचं नाव मोठं करायचं होतं. पानाच्या डोक्यावर. तू म्हणत होतीस ना, विद्यापीठाचं नाव एवढं ठसठशीत आणि आमचं मुंगीएवढं. रोज म्हणत होतीस.”

म्हणत होती. जेवताना म्हणत होती, झोपताना म्हणत होती. नवं पान दिसल्यावर सातुरियाने चार घरच्या बायकांना बोलावून ते मोठं नाव बोटाने दाखवलं होतं. तेच बोट पुढे धक्क्यावर तिने लेओकादियाकडे रोखलं.

चुलीवर नारळाचं दूध उतू गेलं.

“आता बंद केलास का नकाशा?”

“केला. या वेळी बाहेर लिहून ठेवलंय. डबा दोनदा फेकून बघितला, डाग तसाच राहतो.”

“आणि हे मला सांगायला तुला भांडी घासावी लागली.”

“तू मावशीला सगळ्यांसमोर बोललीस, आई. तेव्हाच सांगायचं होतं. मग प्रत्येक दिवशी ते आणखी जड होत गेलं.”

सातुरिया खिडकीशी गेली. ओहोटी लागली होती. धक्क्यावर बायका होड्यांत बसत होत्या, आणि टोकाला लेओकादिया एकटीच आपल्या होडीतलं पाणी करवंटीने उपसत होती. कोणाकडे बघत नव्हती. माणसं बघायची सवयच मोडल्यासारखी.

सातुरियाच्या छातीत चिखल बसला. ही तिची लहानपणापासूनची जोडीदारीण. दोघी एकाच धुमीत खोकत मोठ्या झालेल्या. आणि एका शब्दाचा पुरावा न मागता तिने तिला चोर केलं होतं. माफी मागण्यापेक्षा सातुरियाला दात काढून देणं सोपं. पण ती बाई अजून पाणीच उपसत होती.

तिने चुलीतला एक पेटता निखारा सोडणाच्या तुकड्यांवर घेतला, टोपलीत ठेवला आणि मुलीसमोर उभी राहिली.

“ऊठ,” ती म्हणाली. “यंत्र विसरलं, तू विसरलीस, ते मी माफ केलं. हात चिखलात असला की शिंपली निसटते. पण माझ्या तोंडून तुझ्या मावशीचं नाव घाण होत होतं आणि तू पायाची बोटं मोजत उभी राहिलीस, ते माफ नाही. ते कुठल्या डब्यानं केलं नाही. आता तो वाडगा घे. मागच्या दाराने नाही, पुढच्या. धक्क्यावर सगळ्या आहेत तोवर तू बोलायचंस, मोठ्याने, आणि मधे रडायचं नाही, ऐकू येत नाही. तुझं झालं की मी बोलेन. नंतर आपण दोघी तिच्या होडीत बसायचं, तिने बसू दिलं तर. नाही दिलं, तर पाण्यातून चालत तिच्या मागे जायचं.”