कवळी आणि रस्त्याकडेचं घर

दंतोपंत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो दातांच्या डॉक्टरांना घरबसल्या कवळ्या बनवून द्यायचा, म्हणून गल्लीनं ते नाव त्याला बहाल केलं होतं. आता तर त्याची आत्याही रागावली की त्याच नावानं हाक मारायची. काम मोठं नाजूक. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, गरम सुरीनं कड सारखी करायची आणि श्वास रोखून न्याहाळायचं. त्यामुळे त्याला शांतता लागायची. शेजारचा नळ गळला तरी त्याचं चित्त उडायचं.

आणि बायको मिळाली बालवाडीतली बाई! पोरांच्या कलकलाटावर आवाज चढवायची तिला इतकी सवय, की घरात तिनं मीठ मागितलं तर कोपऱ्यावरचा दुकानदार पुडी बांधायला घेई. "अगं, हळू!" हे दंतोपंत दिवसातून इतक्यांदा म्हणायचा, की तितक्यांदा त्यानं तिचं नावही घेतलं नसेल.

भाड्याच्या खोल्या सोडून स्वतःचं घर घ्यायचं ठरल्यावर घर तिनंच शोधलं. पहिला मजला, तीन ऐसपैस खोल्या, भरपूर उजेड, तिची शाळा हाकेच्या अंतरावर. तिच्या हाकेच्या नव्हे, साध्या माणसाच्या. खोट एकच. घर हमरस्त्याला अगदी खेटून होतं.

दलालानं ते दाखवलं रविवारी भरदुपारी. रस्ता जेवून सुस्तावल्यासारखा पडला होता. "बघा साहेब, टाचणी पडली तरी ऐकू येईल!" दलाल म्हणाला. दंतोपंतानं बंद खिडकीच्या कडीला हात घातला मात्र, दलालानं त्याला दंडाला धरून न्हाणीघर दाखवायला नेलं. दंतोपंताच्या मनात आलं, पाणी इथंच कुठंतरी मुरतंय, आणि ते न्हाणीघरात नाही.

म्हणून मंगळवारी सकाळी तो दलालाला न सांगता तिथं जाऊन थडकला. सोबत आत्या होती, कारण तिला न दाखवता घर घेतलं असतं तर तिनं ते जन्मभर ऐकवलं असतं. आणि खिशातल्या डबीत होती एका निवृत्त वकिलांची तयार कवळी. संध्याकाळी त्यांचं भाषण होतं, तोवर ती पोचवायची होती.

"या, या!" घरमालक आजोबांनी दार उघडलं. "चहा..." आणि ते तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. खालून पाण्याचा टँकर धडधडत गेला. "...घेणार ना?" आजोबांनी वाक्य पुरं केलं.

"बिनसाखरेचा की..." आतून आजी म्हणाल्या आणि थांबल्या. बस गेली. "...साखरेचा?"

दोघांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"मग तुम्ही घर विकताय कशाला?" दंतोपंतानं ओरडून विचारलं.

"लेकीकडे चाललोय. तिला मुलगी झाली," आजोबा म्हणाले. "पण तिच्या घरी फार शांत आहे हो. मध्ये राहून आलो, तर आमची भांडणंच संपेनात. इथं कसं, राग तोंडाशी आला की ट्रक येतो. तो जाईपर्यंत काय बोलायचं होतं तेच आठवत नाही."

दंतोपंताला मात्र पुरावा हवा होता. त्यानं डबी उघडून कवळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बस आली तशी कवळी कटकट वाजू लागली.

"अगं बाई, हिला थंडी वाजतेय!" आत्या म्हणाली.

पाठोपाठ सळयांनी भरलेला ट्रक आला. कवळी टणटण उडत कडेला गेली आणि दंतोपंतानं झडप घालायच्या आत गजांतून खाली पडली. खाली गाद्या लादलेला टेंपो उभा होता. ती अलगद गादीवर टेकली. तेवढ्यात टेंपो निघाला आणि वकीलसाहेबांची कवळी दंतोपंताकडे बघून हसत हसत निघून गेली.

"अहो, थांबवा!" करत तो जिन्यावरून धावत सुटला. पण ज्या रस्त्याला तो सकाळपासून शिव्या घालत होता, त्या रस्त्यानंच लाज राखली. टायरच्या दुकानापुढे सगळी वाहनं एकमेकांत अडकून पडली होती. शेवटी दंतोपंत चालत चालतच टेंपोपाशी पोचला.

"काय हरवलं?" ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं.

"दात!"

ड्रायव्हरनं त्याचं तोंड निरखलं. "आहेत की सगळे."

"माझे नाहीत हो, वकिलांचे!"

"मग वकिलांना पाठवा," ड्रायव्हर म्हणाला. तरी तो भला माणूस, टपावर चढला आणि दोन गाद्यांच्या फटीतून त्यानं कवळी चिमटीत धरून खाली दिली. तोंड मात्र दुसरीकडे फिरवून.

"मिळाली का हो?"

दंतोपंतानं वळून पाहिलं. मधल्या सुट्टीत शाळेतून आलेली बायको खिडकीत उभी होती. "तडा गेलाय का बघा! नीट बघा!"

हॉर्नच्या गदारोळातून शब्द न् शब्द त्याच्यापर्यंत पोचत होता, आणि रस्त्यावरचा एकही माणूस मान वर करून बघत नव्हता. गजांना धरून ती मोकळ्या गळ्यानं हाका मारत होती आणि खळखळून हसत होती. इतकी मोकळी ती घरात शेवटची कधी दिसली होती, ते त्याला आठवेना.

पण वर आला तो रागातच. "हे घर नको म्हणजे नको! इथं दात..." ट्रक आला. तो जाईपर्यंत त्याला ताटकळावं लागलं. "...टिकायचे नाहीत!"

बायको हसायची थांबली. खाली बघत ती काहीतरी पुटपुटली. ते नेमकं बसच्या आवाजात बुडालं.

"काय?"

"काही नाही."

"अगं, मोठ्यानं बोल ना!"

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. बायको डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत राहिली. आजी पदराआड हसू लागल्या.

"मी म्हटलं," ती आता तिच्या खऱ्या आवाजात म्हणाली, "तिकडे मला घरात चोरासारखं बोलावं लागतं. इथं जरा माणसासारखं बोलेन!"

तडा न गेलेली कवळी घेऊन दंतोपंत मागच्या खोलीत गेला, भिंतीतल्या फळीवर ती ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ट्रक गेला, बस गेली, आणखी एक ट्रक गेला. कवळी किंचित दचकली, पण जागची हलली नाही.

"टेबल इथं मांडू," तो बाहेर येऊन म्हणाला. "आत्या, तुला काय वाटतं?"

आत्यानं खिडकीतून मानही वळवली नाही. "मला बोलवू नकोस. इथं गंमत चाललीय."

घर घेतलं. राहायला आल्यावर आत्यानं त्या खिडकीत खुर्ची टाकली, ती कायमचीच. समोरच्या इमारतीत तिच्याच वयाची एक बाई बसते. दोघींची हातवाऱ्यांनी घट्ट मैत्री झाली आहे. एकमेकींची पथ्यं, सुनांचे स्वभाव, सगळं ठाऊक आहे. फक्त भेट तेवढी अजून झालेली नाही. तो रस्ता ओलांडायचा कोणी, हे ठरत नाही.