टेक्सासमधून आणलेलं डिझेल

पुरुषोत्तम अभ्यंकरांनी तीस वर्षं डिझेल इंजिनांवर काम केलं. पुण्यात इंजिनिअर होऊन ते एकाहत्तर साली अमेरिकेत आले, इंडियानातल्या एका इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं इंधनाच्या विभागात गेली. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत कसं पोचतं आणि वाटेत कुठे अडतं, हे बघायचं त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते आणि शुभाताई मुलाजवळ राहायला टेक्सासमध्ये फ्रिस्कोला गेले. मुलगी केया शेजारच्या इलिनॉय राज्यात नोकरीला होती, ती तिकडेच राहिली.

केया फिजिओथेरपिस्ट. नेपरव्हिलच्या हॉस्पिटलमधली नोकरी तिने सोडली आणि तिथून चाळीस मैल पश्चिमेला, मक्याच्या शेतांमध्ये, एक तबेला भाड्याने घेतला. सात घोडे होते. ज्या मुलांना चालता येत नाही, नीट बसता येत नाही, त्यांना ती घोड्यावर बसवायची. घोड्याच्या चालीने मुलांची कंबर आणि पाठ हळूहळू मोकळी होते, असं ती सांगायची. अभ्यंकरांना आधी हे पटलं नव्हतं. मग एकदा त्यांनी सहा वर्षांची एक मुलगी हेझल नावाच्या म्हाताऱ्या तपकिरी घोडीवर ताठ बसलेली पाहिली, आणि त्यांची शंका मिटली.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये केयाचा जुना ट्रक मोडीत निघाला. घोड्यांचा ट्रेलर ओढायला दुसरा मोठा पिकअप लागणार होता. तिने बाबांना फोन केला.

"शेजारच्या डेलकडे एक गॅसवाला ट्रक आहे. तो मला द्यायला तयार आहे."

"तीन घोड्यांचा ट्रेलर पेट्रोलच्या इंजिनाने ओढणार?" अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, अभ्यंकर अजूनही पेट्रोलच म्हणत. "ओढेल, पण बोंबलत ओढेल. डिझेलला कमी वेगातसुद्धा ओढायचा जो जोर, टॉर्क मिळतो ना, तो त्याला कुठून मिळणार? आणि डिझेल तीन लाख मैल जातं."

"बाबा, मी वर्षातून दहा वेळा ट्रेलर लावते. इकडे थंडीत डिझेलची कटकट असते. गॅसवाला की फिरवली की सुरू होतो. मला त्याच्याबद्दल थिंक करायला लागत नाही."

"थिंक मी करतो. तू फक्त चालव."

केया हसली आणि म्हणाली, ओके. वडिलांशी इंजिनावरून वाद घालणं तिने कॉलेजमध्येच सोडलं होतं.

फ्रिस्कोच्या उत्तरेला गुरं पाळणाऱ्या एका माणसाकडे अभ्यंकरांना हवा तसा ट्रक मिळाला. चार वर्षं जुना, इंजिन निरोगी. त्या माणसाने मागच्या हौद्यात डिझेलची आणखी एक मोठी टाकी बसवून घेतली होती. अभ्यंकरांनी दोन्ही टाक्या टेक्सासमध्येच काठोकाठ भरल्या आणि ट्रक स्वतः चालवत साडेनऊशे मैल घेऊन गेले. बासष्टाव्या वर्षी, एकटे, दोन दिवसांत. केयाच्या दारात उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की वाटेत एकदाही पंपावर थांबावं लागलं नाही आणि अजून तीस गॅलन शिल्लक आहेत.

"महिनाभर तुला बघायला नको," ते म्हणाले.

उबदार मुलखात विकतात ते डिझेल कडक थंडीत चालत नाही. त्यात मेण असतं, आणि पारा फार खाली गेला की ते मेण गोठायला लागतं. उत्तरेकडचे पंपवाले हिवाळ्यात वेगळं, पातळ केलेलं डिझेल विकतात. अभ्यंकरांनी कंपनीच्या थंडगार खोलीत कितीतरी इंजिनं उणे वीसला बंद पडताना पाहिली होती, त्यांचे रिपोर्ट लिहिले होते. ऑक्टोबरच्या त्या उन्हात त्यांच्या मनात हे आलंही. पण थंडी पडेपर्यंत केया हे तीस गॅलन जाळून टाकेल आणि मग इथल्याच पंपावर भरेल, असं ते धरून चालले. तिला तसं सांगायचं मात्र राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते विमानाने परत गेले.

केया रोज आपल्या छोट्या गाडीनेच जायची. ट्रक तबेल्यापाशी उभा असायचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी दोनदा, नाताळात एकदा, एवढाच तो निघाला.

जानेवारीत शुभाताई फ्रिस्कोला नातवापाशी थांबल्या आणि अभ्यंकर एकटे आठवडाभरासाठी लेकीकडे आले. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. गुरुवारी सकाळी पारा शून्याखाली चौदा होता. साडेसहाला केया तबेल्यात गेली तर हेझल आडवी पडून पोटाकडे मान वळवून बघत होती. उठायची, पुढच्या पायाने जमीन खरवडायची, परत पडायची.

जनावरांच्या डॉक्टर ब्रेनन आठच्या आधी आल्या. त्यांनी घोडीला तपासलं, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि हातमोजे काढत म्हणाल्या, "आतड्याला पीळ पडलाय. ऑपरेशन केलं तर वाचेल. मी घोड्यांच्या हॉस्पिटलला कळवते. दोन तासांचा रस्ता आहे, तीन तासांच्या आत पोचवा." त्यांना लगेच दुसऱ्या एका गोठ्यावर जायचं होतं.

ट्रकच्या इंजिनाला रात्रभर विजेचा हीटर लावलेला होता. तो अभ्यंकरांनीच आदल्या संध्याकाळी आठवणीने लावला होता. की फिरवताच इंजिन सुरू झालं. त्यांना बरं वाटलं. ट्रेलर जोडला, हेझलला हळूहळू आत चढवलं, आणि केया चालवायला बसली. अभ्यंकर शेजारी.

अकरा मैल सगळं ठीक होतं. मग इंजिन एकदा अडखळलं. केयाच्या ते लक्षातही आलं नाही, पण अभ्यंकरांचा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला. पुन्हा अडखळलं. वेग पन्नासवरून चाळीसवर आला, मग तीसवर.

"बाबा, पॉवर जातेय. मी पूर्ण दाबलंय."

"दाबू नकोस. कडेला घे." त्यांनी काट्याकडे पाहिलं. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती. "केया, शेवटचं डिझेल कधी भरलंस?"

"मी कधीच नाही भरलं. तू भरलं होतंस ना."

ट्रक रस्त्याच्या कडेला येऊन बंद पडला. दोन्ही बाजूंना बर्फाने झाकलेली शेतं. एकही घर दिसत नव्हतं. मागे ट्रेलरमध्ये घोडीने लाकडी फळीवर लाथ मारली.

अभ्यंकर खाली उतरले. बॉनेट उघडून त्यांनी फिल्टर काढला. आतलं डिझेल थंडीतल्या तुपासारखं पांढरं, दाणेदार होऊन बसलं होतं. असं डिझेल त्यांनी काचेच्या नळ्यांत भरून नव्या पोरांना दाखवलं होतं, वर्षानुवर्षं. ते फिल्टर हातात धरून उभे राहिले.

"काय झालंय?" केयाने खिडकीतून विचारलं.

"डिझेल थिजलंय. हीटरने इंजिन गरम राहिलं, टाकी नाही."

"मग आता काय करायचं?"

"नवा फिल्टर लागेल. आणि डिझेल पातळ करायला रॉकेल. डेलला फोन कर."

सेल फोनला रेंज मिळायला तिला रस्त्याने शंभर पावलं मागे जावं लागलं. डेल पंचवीस मिनिटांत आला, त्याच्या त्या पेट्रोलच्या पिकअपमधून. वाटेतल्या शेतीच्या दुकानातून त्याने फिल्टर आणि रॉकेलचा डबा आणला होता. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा ट्रक मागे शांतपणे धडधडत उभा राहिला.

"ट्रेलर तुझ्या ट्रकला लावू या," केया म्हणाली.

डेलने नकाराची मान हलवली. केयाचा ट्रेलर लांब मानेचा होता. ती मान ट्रकच्या हौद्यात येते आणि तिथे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर बसते. डेलच्या हौद्यात गोळा नव्हता. त्याचा ट्रक फक्त बंपरला अडकवायचे ट्रेलर ओढू शकत होता.

"माझा गुरांचा ट्रेलर आहे घरी," तो म्हणाला. "बर्फात रुतलाय. काढायला वेळ लागेल, पण आणतो." आणि तो लगेच निघाला.

अभ्यंकरांनी नवा फिल्टर रॉकेलने भरून बसवला. हातमोजे घालून फिल्टरचा लहान स्क्रू पकडता येईना म्हणून त्यांनी ते काढून टाकले. दोन मिनिटांत बोटं लाकडासारखी झाली. इंजिन सुरू झालं. केयाने गिअर टाकला, ट्रक पन्नास फूट पुढे गेला आणि परत बंद पडला. नळीतून, टाकीतून मेण येतच होतं. त्यांनी फिल्टर पुन्हा काढला. तोही पांढरा. त्यांनी थर्मासमधला चहा त्याच्यावर ओतला, नळी दोन्ही हातांत धरून चोळली, तोंडाने फुंकली. टाकी आणि नळ्या गरम केल्या तर हे सगळं आपोआप विरघळेल, हे त्यांना माहीत होतं. एखादी गरम शेड आणि सहा तास. एवढंच हवं होतं.

"बाबा, सांग ना काही. तुला माहीत असतं हे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण इथे काही करता येत नाही."

केयाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती ट्रेलरचं बाजूचं दार उघडून आत गेली.

तासभर गेला. तीन गाड्या थांबल्या, तिन्ही छोट्या. एका बाईने ब्लँकेट दिलं. अभ्यंकर फिल्टर काढत होते, पुसत होते, बसवत होते. चौथ्या वेळी इंजिन फक्त फिरलं, पेटलं नाही, आणि मग बॅटरीही मंदावली. ट्रेलरमधून लाथांचा आवाज येत होता तोवर त्यांचे हात चालले. आवाज थांबला तसे ते मागे गेले.

हेझल खाली बसली होती. केया तिच्या मानेशी गुडघ्यांवर. घोडीच्या अंगातून वाफ निघत होती, इतकी ती घामाने भिजली होती.

"हिच्या हिरड्या बघ," केया इंग्रजीत म्हणाली. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. अभ्यंकरांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते फक्त "हो" म्हणाले.

डेल ट्रेलर घेऊन आला तेव्हा साडेदहा वाजत आले होते. पाठोपाठ डॉक्टर ब्रेननही पोचल्या. केयाने त्यांना फोन केला होता. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, घड्याळाकडे पाहिलं, मग तो पोटावर ठेवून थोडा वेळ ऐकलं.

"आतडं बहुतेक फाटलंय," त्या म्हणाल्या. "आता तिला हलवून तिचे हाल करण्यात अर्थ नाही, केया."

केयाने विचारलं, "लवकर पोचलो असतो तर?"

डॉक्टरांनी अभ्यंकरांकडे पाहिलं नाही. "नक्की सांगता येत नाही. शक्यता चांगली होती."

केयाने घोडीच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि होकाराची मान हलवली. अभ्यंकर दारात उभे होते. डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन भरायला जागा व्हावी म्हणून ते बाजूला सरकले. त्या वेळी त्यांच्या हातून तेवढंच झालं.

टोइंगवाल्याने ट्रक गावातल्या एका गॅरेजमध्ये नेला. जमीन दगडासारखी गोठलेली होती, त्यामुळे हेझलला पुरता आलं नाही. दुपारी मेलेली जनावरं उचलणारा माणूस आला, त्याने साखळी लावून तिला आपल्या गाडीत ओढून घेतलं. केया म्हणाली, "बाबा, तू आत जा." ते गेले नाहीत. तीही परत म्हणाली नाही.

संध्याकाळी गॅरेजवाल्याचा फोन आला. शेडमध्ये ऊब होती. ट्रक आपोआप मोकळा झाला होता आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाला होता. त्यात काहीच बिघाड नाही, तो म्हणाला. उत्तम इंजिन आहे.

अभ्यंकरांनी फोन खाली ठेवला. ते केयाच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"ऑक्टोबरमध्ये मी तुला सांगायला हवं होतं. मला ठाऊक होतं. माझं तेच काम होतं गं, इतकी वर्षं."

"बाबा, प्लीज. आज नको."

"तू मला बोल काहीतरी."

"काय बोलू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नाही हे त्यांना सोसवेना. थोड्या वेळाने ती उठून घोड्यांना चारा घालायला गेली. ते मागे गेले, तिने त्यांच्या हातात खराटा दिला, पण फोड आलेल्या बोटांनी तो धरवेना. तिने तो परत घेतला.

शुक्रवारी सकाळी केया वही घेऊन स्वयंपाकघरात फोन लावत बसली. शनिवारी हेझलवर बसायला अकरा मुलं येणार होती. त्यांच्या आईवडिलांना कळवायचं होतं. अभ्यंकर सिंकपाशी कप विसळत होते, पाठमोरे.

"हाय, केया बोलतेय. एक वाईट बातमी आहे. हेझल काल गेली. पोटात पीळ पडला होता. आम्ही हॉस्पिटलला निघालो होतो, पण वाटेत ट्रक बंद पडला." मग ती ऐकून घ्यायची. "नाही, थंडीमुळे. थंडीत होतं असं." पुन्हा ऐकून घ्यायची. "हो, मी तिला सांगेन स्वतः. तिला फोनवर देता का?"

दुसरा फोन. तिसरा. दर वेळी त्याच शब्दांत. दर वेळी ट्रकपाशी वाक्य आलं की अभ्यंकर नळ बंद करून थांबत. पुढे ती आणखी काही सांगेल, कुणाचं नाव घेईल, असं त्यांना वाटे. ती थंडीचंच नाव घ्यायची आणि पुढे जायची.

सातव्या फोनला पलीकडे कुणी लहान मुलगी रडत असावी. केया बराच वेळ नुसतं "आय नो, आय नो" म्हणत राहिली. अभ्यंकरांनी टॉवेलला हात पुसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून दोन पावलं टाकली. तिने मान वर न करता वहीतलं पुढचं नाव बोटाने धरून ठेवलं होतं. ते परत सिंकपाशी गेले आणि एक धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. अजून चार फोन बाकी होते.