आवाज दाबलेलं इंजिन

"दादा शेवटी काय बोलला?"

धाकट्यानं हे पोलिसाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, उतारावरच्या चहावाल्यालाही विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला कुणी विचारलं नाही. मी त्याच्या दादाची मोटारसायकल. शेवटच्या क्षणी मीच सोबत होते. तो काहीच बोलला नाही. तेवढा वेळच मी त्याला दिला नाही.

दादानं मला कोरी करकरीत घरी आणली, तेव्हा वहिनी म्हणाली होती, "घ्या, आली माझी सवत!" आणि हातानंच माझा आरसा पुसला होता.

काही वर्षांनी माझ्या पोटात ठकठक सुरू झाली. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनाला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानाला.

"वरचं दुखणं असतं तर टिकटिक केली असती. हे खालून ठोकतंय. बेअरिंग गेलंय. उघडल्याशिवाय चालवू नकोस."

"रविवारी आणतो," दादा म्हणाला.

रविवार उजाडलाच नाही. या पोरांचे वडील, अण्णा, उभी हयात ट्रक चालवलेले. ट्रकचा गिअर कुरकुरला की जाड तेल पाजायचं, हा त्यांचा रामबाण उपाय. पहाटे पोरगा झोपेत असताना त्यांनी माझं पातळ तेल काढलं आणि डांबरासारखं जाड तेल आत ओतलं. ठकठक थांबली.

"बघ, आपोआप बरी झाली!" दादा खूश.

बरं काहीच झालं नव्हतं. ते तेल बारीक वाटांतून बेअरिंगपर्यंत पोचेना. मी आतल्या आत कोरडी झिजत होते आणि ओरडायला आवाज उरला नव्हता. उतारावर इंजिन एकाएकी आतून अडकलं. मागचं चाक जाम झालं.

अण्णांनी सगळा दोष सुनेवर टाकला. "सकाळी हिच्याशी भांडून निघाला. डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं. हिला माहेरी पोचवा, मला हिचं तोंड बघायचं नाही."

भांडण कशावरून? तर डब्याचं झाकण सापडत नव्हतं. पण वहिनीनंही ते खरं मानलं. बॅग भरून दाराशी ठेवली.

धाकट्याला हे बघवेना. त्यानं मला अंगणात आडवी पाडली आणि पाना लावला. तेवढ्यात मिस्त्री आला.

"अरे, शाळेत कधी पुस्तक उघडलं नाहीस आणि इंजिन उघडतोस होय?"

"मला बघायचंय ती का अडकली."

"मग उलटा कशाला फिरवतोस, शहाण्या? आण इकडे."

दादाच्या जुन्या सदऱ्यातून माझं तेल गाळलं. काळ्या राड्यात कण चमकत होते. मिस्त्रीनं लोहचुंबक फिरवलं, तसे ते केसांसारखे उभे राहून त्याला चिकटले.

"पोलाद आहे. बेअरिंगच्या आतले रोलर फुटलेत."

"म्हणजे दादानं जोरात पळवली नव्हती?"

"हळू चालवली असती तरी आज ना उद्या हेच झालं असतं." अण्णा दारात उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडे वळला. "बायकोशी भांडल्यानं बेअरिंग फुटत नाही, अण्णा." मग त्यानं तेल चिमटीत चोळलं. "पण हे कुणी घातलं? यानं आवाज दाबला, रोग नाही."

अण्णा पुढे आले. तेलात बोटं बुडवली, वास घेतला.

"मी," ते म्हणाले आणि तिथंच मातीत बसले.

धाकट्याच्या हातात पाना होता. शब्दाआधी हात चालणारा पोरगा तो. हात वर गेला.

"भाऊजी, नको!" वहिनी ओरडली.

पाना खाली पडला.

आता मी सुटी होऊन पोत्यात पडलेय. भंगारवाला येईल, नेईल. माझं काही म्हणणं नाही. एवढंच सांगते, तुमच्या घरात कुणी कण्हत असेल, गाडी असो की माणूस, त्याला गप्प करू नका. कुठं दुखतंय ते बघा.

त्या दिवशी धाकट्यानं काय केलं तेवढं सांगून थांबते. त्यानं वहिनीची बॅग उचलून आत नेऊन ठेवली. मग बादली आणि साबणाचा चुरा घेऊन अण्णांपुढे बसला आणि लहान पोराचे धुवावेत तसे त्यांचे हात धुऊ लागला. नखांतलं काळं निघेना. तो घासत राहिला.